नऊ ठिपक्यांतला मधला

माझ्या आजीच्या नथीतले मोती मी स्वतः बसवले आहेत. तिचं कुंकू मी लावलंय, मंगळसूत्राचे मणी मी ओवलेत. मी सोनार नाही. आणि आजी तर मी जन्मण्याच्या फार आधी, माझे वडील जेमतेम चार वर्षांचे असताना गेली. हा सगळा साज मी तिच्यावर चढवला तो लखनौमध्ये, नव्वदच्या दशकात, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधल्या एका घरघरणाऱ्या कॉम्प्युटरवर. एम.टेक.च्या प्रोजेक्टपायी. लोक अशा गोष्टींचा अभिमान बाळगतात. मीही बाळगला, साधारण भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत.

आम्ही मूळचे अकोल्याचे. बाबा रेल्वेत इंजिनिअर, मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत. धावत्या डब्याला किती हेलकावे बसतात ते मोजायचं, हे त्यांचं काम. मोजणी कागदाच्या लांबलचक गुंडाळ्यांवर उमटायची आणि त्यातल्या निम्म्या गुंडाळ्या आमच्या क्वार्टरमध्ये पलंगाखाली मुक्कामाला असायच्या. आई केरसुणी घेऊन वाकली की त्यांच्याशी भांडायची. "या तुमच्या रुळांनी माझी खोली अडवलीय. रद्दीवाल्या भैयाला देऊन टाकते एक दिवस."

"मूळ चार्ट टाकायचा नसतो," बाबा म्हणायचे. "रीडिंग वेडंवाकडं आलं म्हणून फेकायचं नाही. ते का आलं ते आधी बघायचं."

हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं. चालू असतं, ऐकू येत नाही.

आता प्रोजेक्टबद्दल. इमेज प्रोसेसिंग हा शब्द तेव्हा नवा होता आणि नवा असल्यामुळे तो उच्चारणारा माणूस हुशार वाटायचा. मी तो दिवसातून बऱ्याचदा उच्चारायचो. आमचे गाइड सर जुन्या लखनौचे, बोलणं इतकं अदबीचं की रागावले तरी आपला सत्कार चाललाय असं वाटावं. त्यांचा एकच आग्रह होता: संशोधन कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे. माझ्या वर्गमित्रानं मलिहाबादचे दसहरी आंबे कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं ठरवलं. पिकला, कच्चा, डागी. पेट्या लॅबमध्ये आल्या, आम्ही नमुने खाऊन टाकले आणि त्याचा प्रोजेक्ट पुढच्या हंगामावर गेला. तरी त्याच्याकडे निदान विषय होता. माझ्याकडे फक्त एक फिल्टर होता.

तो काय करायचा ते सांगतो, सोपं आहे. फोटो म्हणजे ठिपक्यांचं शेत. प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा एक आकडा. एकेका ठिपक्याजवळ जायचं, त्याच्या भोवतीचे आठ शेजारी बोलवायचे, नऊही जणांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि जो मधला येईल त्याचा आकडा त्या ठिपक्याला द्यायचा. म्हणजे एखादाच पांढराफटक ठिपका अंधारात टपकलेला असेल, तर तो रांगेच्या टोकाला जातो आणि बाद होतो. आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाचा कारभार याच तत्त्वावर चालायचा. बाद होणाऱ्या त्या ठिपक्यांना आमच्या भाषेत नॉइज म्हणतात.

सरांनी मला विचारलं होतं, "बरख़ुरदार, नॉइज किसे कहेंगे, ये पहले तय कर लीजिए."

मी ताडकन म्हणालो, "सर, जो छोटा हो और अकेला हो."

सरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "अच्छा," ते म्हणाले, आणि पान लावायला घेतलं. त्या अच्छामध्ये काय काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

फिल्टर चालवायला मी जगभरचे लोक वापरायचे तोच फोटो वापरत होतो, टोपी घातलेल्या एका परदेशी बाईचा. बाईचा फोटो मुळात स्वच्छ. म्हणून आधी एका प्रोग्रॅमनं तिच्या तोंडावर मुद्दाम ठिपके शिंपडायचे आणि मग आपल्या फिल्टरनं ते पुसायचे. स्वतःच घाण करून स्वतःच झाडू मारायचा आणि त्याला संशोधन म्हणायचं. सर म्हणाले, "ये तो मोहतरमा के साथ ज़्यादती है. कोई ऐसी तस्वीर लाइए जो सचमुच ख़राब हुई हो."

घरी जेवताना मी हे सांगितलं, तर आई ताट ठेवता ठेवता थांबली. "मग सासूबाईंचा फोटो घे की."

सासूबाईंचा, म्हणजे आजीचा तो एकुलता एक फोटो. बाबांना त्यांच्या काकांनी वाढवलं होतं, कारण आजोबांची नोकरी फिरतीची. ते काका वारल्यावर त्यांच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांखाली, हा फोटो सापडला. तळहाताएवढा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. अकोल्याच्या पावसाळ्यांनी त्याला बुरशी धरली होती. लुगड्याचा काठ दिसायचा, नथ दिसायची, कुंकवाचा गोल दिसायचा. चेहऱ्यावर मात्र पांढरे-काळे ठिपके असे पसरले होते की जणू कुणी राख फुंकली आहे. आपल्या आईचा चेहरा बाबांनी कधी पाहिलाच नव्हता, म्हणजे पाहिलेला आठवत नव्हता. आणि फोटोही सांगत नव्हता.

आजी आजोबांच्या आधी गेली, म्हणून पितृपक्षातल्या अविधवा नवमीला आमच्याकडे तिच्या नावानं सवाष्ण जेवायला असायची. लखनौत मराठी सवाष्ण मिळणं म्हणजे अमीनाबादच्या गर्दीच्या बाजारात रिकामी रिक्षा मिळण्यासारखं. त्यामुळे दर वर्षी शेजारच्या ब्लॉकमधल्या एका इंजिनिअरची बायकोच यायची. आई त्यांची ओटी भरताना म्हणायची, "वर्षातून एकदा तुम्ही आमच्या सासूबाई होता, बरं का," आणि त्या म्हणायच्या, "मग आज जरा धाकात राहा." पाटावर त्यांच्यासमोर आजीच्या जागी एक सुपारी ठेवलेली असायची. फोटो ठेवावा असा नव्हताच.

बाबा तेव्हा भातात तूप कालवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "होईल नीट?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल होईल," मी म्हणालो. "नवमीच्या आत करून देतो."

बाबांनी कधी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. हेही मागणं नव्हतं म्हणा. पण त्यांनी तूप दोनदा वाढून घेतलं, आणि त्यांना तूप वर्ज्य होतं.

मी शास्त्रोक्त पद्धतीनं जायचं ठरवलं. म्हणजे वही-पेन घेऊन बाबांसमोर बसलो. "तुम्हाला काही आठवतं का? नाक, डोळे, काहीही."

"चेहरा नाही," ते म्हणाले. "एक गाल आठवतो. खरखरीत. कुणीतरी मला उचलून घेतलंय आणि माझ्या गालाला गाल लावलाय, आणि तो टोचतोय. चांगलं वाटतंय, पण टोचतोय." ते थोडे ओशाळले. "पण ते काका असणार. काका चार-चार दिवस दाढी करत नसत."

मी वहीत लिहिलं, 'उपयुक्त माहिती नाही.'

हज़रतगंजच्या एका डीटीपीच्या दुकानात फोटो स्कॅन करून घेतला आणि फ्लॉपी खिशात घालून लॅबमध्ये आलो. लॅबच्या कॉम्प्युटरवर जागेची टंचाई अशी की आमच्यात फाइल ठेवण्यावरून भांडणं व्हायची. त्यामुळे मी प्रोग्रॅममध्ये एक काटकसर केली होती. त्यानं फोटो वाचायचा, फिल्टर लावायचा आणि निकाल त्याच नावानं, त्याच जागी परत लिहायचा. एक फाइल, एक जागा, कटकट नाही. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी मित्राला ते दाखवलंही होतं. तो म्हणाला, "वाह यार." त्याचे आंबे संपलेले होते, त्याला कशाचंही कौतुक वाटायचं.

पहिल्या फेरीत बुरशी पातळ झाली. दुसरीत आणखी. मी फेऱ्या मारत राहिलो, जसं एखादं भांडं घासताना माणूस हट्टाला पेटतो. आणि एका फेरीनंतर पडद्यावर एक बाई आली. डोळे मोठे, हनुवटी माझ्या बाबांची, अगदी बाबांची. त्वचा लोण्यासारखी. मी खुर्चीतून उठलो आणि आख्ख्या लॅबला बोलावलं. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दोष मी तेव्हा पंख्याच्या धुळीला दिला.

प्रिंट घेऊन घरी आलो. आईनं तो हातात घेतला आणि ती किंचाळली.

"अरे मेल्या, हे काय केलंस? विधवा केलीस की रे तिला!"

मी पाहिलं. नथ गेली होती. कुंकू गेलं होतं. मंगळसूत्राचे मणी गेले होते. लहान होते, एकटे होते, मधल्याच्या रांगेत बाद झाले होते. बुरशी पुसता पुसता माझ्या फिल्टरनं आजीचं सौभाग्य पुसलं होतं, तेही अविधवा नवमीच्या तोंडावर.

"ही नवमीला लावायची?" आई म्हणाली. "सवाष्ण घाबरून पळून जाईल. देवळात जाऊन ये आधी."

बाबांनी प्रिंट घेऊन दूर धरला, जवळ आणला. ते हसले. असे हसले की खोकलाच आला. "आजोबा असते तर तुला बदडलं असतं," ते म्हणाले. "जिवंतपणी त्यांचं श्राद्ध घातलंस तू." आणि मग, हसणं ओसरल्यावर, त्या बोडक्या फोटोकडेच पाहत राहिले. "पण चेहरा... चेहरा असाच असेल, नाही?"

सरांना मी हा किस्सा रंगवून सांगितला. तेही हसले. मग म्हणाले, "तो ओरिजिनल से फिर शुरू कीजिए. इस बार ज़ेवर बचाकर."

मूळ फाइल उघडायची, दागिन्यांचा भाग वगळायचा आणि फिल्टर फक्त चेहऱ्यावर चालवायचा. ते बरोबर झालं असतं, आणि मूळ फाइल आता कुठेच नाही हे तेव्हाच, त्याच दुपारी कळलं असतं. फोटो अजून घरात कपाटात होता. पुन्हा स्कॅन केला असता. पण मला सोपा मार्ग सुचला. मोती म्हणजे काय, दोन-चार पांढरे ठिपके. मी ते आकडे टाकून सरळ हातानं काढले. मोती झाले, मणी झाले, कपाळावर गोल झाला. एक मोती थोडा मोठा पडला, तो तसाच ठेवला, श्रीमंती दिसते म्हणून. फार मजा आली. त्या दुपारी मी फ्लॉपीत डोकावूनही पाहिलं नाही.

दुकानात नेऊन मोठा, चांगला प्रिंट काढला. फ्रेमसाठी बाबा स्वतः माझ्याबरोबर अमीनाबादला आले. फ्रेमवाले मियाँ काच पुसता पुसता म्हणाले, "माशाअल्लाह, क्या नूर है चेहरे पर. कौन हैं?"

"मेरी माँ," बाबा म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तो हिंदीत होता. बाबांनी दुकानातली सगळ्यात चांगली चौकट निवडली आणि घासाघीस केली नाही. अमीनाबादेत घासाघीस न करणारे बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

नवमीला सुपारी निवृत्त झाली. पाटावर आजी बसली, गळ्यात झेंडूची माळ घालून. शेजारच्या काकू तिच्यासमोर जेवायला बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, आता माझी काय गरज? आल्या की खऱ्या सासूबाई. आणि किती देखण्या हो!" आईनं तेवढ्यात माझ्या पाठीत धपाटा घातला, प्रेमानं. मी त्या दिवशी पुरणपोळ्या मोजून खाल्ल्या नाहीत.

संध्याकाळी आईनं जुना फोटो एका पिशवीत निर्माल्याबरोबर ठेवला. घरात खंडित मूर्ती ठेवत नाहीत, तसा पितरांचा खराब झालेला फोटोही नवीन लावल्यावर ठेवू नये, विसर्जन करावं, असं तिचं म्हणणं. शास्त्रात असेल, नसेल. आईच्या घरात होतं.

बाबा दारात थबकले. पलंगाखाली गुंडाळ्या जपणारा माणूस तो. "मूळ आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

"आहे ना. फ्लॉपीत आहे. हा पुठ्ठा काय, आणखी दोन पावसाळ्यांत गळूनच पडला असता. फ्लॉपी म्हणजे कायमचं."

असं मी म्हणालो, फ्लॉपीबद्दल. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

"तू बघितलंयस?"

"बाबा, हाँ, है यार," मी हिंदीत म्हणालो. वैतागलो की मी हिंदीत जायचो.

गोमतीच्या पुलावर स्कूटर लावली. लखनौतले लोक पुलावरूनच विसर्जन करतात, आम्हीही तेच केलं. फुलं खाली गेली. फोटो मीच टाकला. पुठ्ठा जाड होता, तो बुडाला नाही. चेहरा वर करून तो सावकाश तरंगत पुलाखाली शिरला. आणि बाबा, जे मला रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ म्हणून माझ्या एम.टेक.पर्यंत बजावत आले होते, ते टेम्पो-रिक्षांच्या गर्दीतून सरळ पलीकडच्या कठड्याशी गेले. मी हाका मारत मागे धावलो. ते कठड्यावर ओणवे होऊन वाट बघत होते. फोटो पलीकडून बाहेर आला, जलपर्णीच्या एका ढिगाला लागला, सुटला आणि पुढे गेला. तो दिसेनासा होईपर्यंत बाबा उभे होते.

परतताना मागच्या सीटवरून ते म्हणाले, "म्हणजे ते काकाच."

"कोण?"

"टोचणारा गाल. तिचे गाल तर किती नितळ आहेत. मला उगीच वाटायचं की... जाऊ दे. काकाच असणार."

स्कूटरच्या आवाजात मी "हं" म्हणालो. पुराव्यासमोर त्यांनी आपली आठवण मागे घेतली होती. चांगला इंजिनिअर तेच करतो. पुरावा मी तयार केला होता.

मार्गशीर्षात आत्या आली, बाबांची मोठी बहीण. बाबांपेक्षा ती इतकी मोठी की आजी गेली त्याच्या आदल्याच वर्षी तिचं लग्न झालं होतं. अकोल्याहून ती सहसा हलायची नाही. आमच्या घरात आजीबद्दल कधी बोलणं झालं नाही त्याचं एक कारण हेही होतं. एक होता लहान, त्याला आठवत नव्हतं. दुसरी होती दूर, तिला कुणी विचारलं नाही. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर चाललं असतं. कॉलनीच्या नाक्यावर एसटीडी बूथ होता, तिथून मी मित्रांना आंब्यांची प्रगती विचारायला फोन करायचो.

आत्या शाल सावरत दिवाणखान्यात आली, पाणी प्यायली आणि भिंतीकडे पाहून म्हणाली, "हे कोण आहे रे बापू?"

बाबांनी हात जोडून नाटकीपणे म्हटलं, "ओळख बघू."

"तुह्या सासुरवाडीचं कोणी आहे का? चांगली दिसून राहिली बाई."

"अगं ताई, आई आहे ती. आपली आई. ह्यानं केलाय, कॉम्प्युटरवर." बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आत्या उठली, चष्मा बदलला आणि फोटोपाशी गेली. मी पुढचं कौतुक ऐकायला सज्ज होऊन उभा होतो.

"डोळे तिचे आहेत," ती म्हणाली. "हनुवटी बी तिचीच. पण वण कुठं गेले?"

"कसले वण?"

"देवीचे! आईला लहानपणी देवी आल्या होत्या ना. अख्ख्या तोंडावर वण होते तिच्या. गालावर तर असे खड्डे खड्डे." आत्यानं स्वतःच्या गालावर बोटं टोचून दाखवलं. "तुला माहीत नाही? हा फोटो काढला तेव्हा मी होती तिथं. फोटोवाला म्हणे, बाई, पावडर लावून देतो, झाकले जाईल. आई म्हणे, काऊन? आहे तशी काढा. माहे लेकरं मला अशीच ओळखतात."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

बाबांचा हात माझ्या खांद्यावरून कधी गेला ते कळलं नाही. तो त्यांच्या स्वतःच्या गालावर होता. "खरखरीत असेल मग गाल," ते हळूच म्हणाले.

"मंग? तू तर लहानपणी तिच्या गालाला गाल घासत बसायचा. टोचते म्हणून रडायचा आणि पुन्हा घासायचा. आम्ही हसायचो."

मी पावडर लावली होती. तिनं नाकारलेली पावडर मी पन्नासएक वर्षांनी फेऱ्या मारमारून लावली होती, आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती.

"मूळ काढ," बाबा माझ्याकडे वळले. आवाजात उत्साह होता, हे लक्षात घ्या. ते रागावले नव्हते. "फ्लॉपी आण तुझी. ताई आहे आत्ता. ती बोट ठेवून सांगेल, बुरशी कोणती आणि वण कोणते. मग तू फक्त बुरशी पूस. काय? होईल ना?"

होईल. तेवढं अगदी सहज झालं असतं.

मी लॅबमध्ये गेलो आणि फ्लॉपी घातली. एक फाइल, एक जागा. उघडली तर लोण्यासारख्या गालांची, मोठ्या मोत्याची माझी आजी. तीच फाइल पुन्हा उघडली, जणू दुसऱ्यांदा तिला दया येईल. तिथून हज़रतगंजच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भैया, हम तो रोज़ शाम को सब डिलीट कर देते हैं. जगह कहाँ है?" जागेची टंचाई सगळ्यांनाच होती.

सरांना सांगितलं. या वेळी रंगवून सांगता आलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पानाचा डबा उघडला आणि पान न लावताच मिटला. "वो ठिपके," त्यांनी चक्क माझा मराठी शब्द वापरला, कारण मी बोलता बोलता मराठीत गेलो होतो, "वो ठिपके वालिदा के थे." वालिदा म्हणजे आई, बाबांची. प्रोजेक्ट टोपीवाल्या बाईवरच सादर झाला. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापून.

घरी जायच्या आधी मी आणखी एक मूर्खपणा केला. आमच्याकडे ठिपके शिंपडणारा प्रोग्रॅम होताच. मी तो आजीच्या गालांवर चालवला. थोडे कमी, थोडे जास्त, नैसर्गिक दिसेल असे. प्रिंट घेतला आणि बाबांसमोर ठेवला. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, ते विसरलो. "मूळ नाही," एवढंच म्हणालो. "पण असं काहीसं दिसत असेल."

बाबा खिडकीपाशी उजेडात गेले. आत्या शेजारी उभी राहिली. बाबांचं बोट एका ठिपक्यावर टेकलं, मग दुसऱ्यावर.

"हे कुठून आणलेस?"

"प्रोग्रॅमनं टाकलेत. रँडम."

"रँडम," ते म्हणाले. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं हळूच मान हलवली, नाही अशी. "मग यातला एकही तिचा नाही." त्यांनी प्रिंट माझ्या हातात परत दिला, घडी न घालता, नीट. "राहू दे. भिंतीवरचा आहे तो छान आहे. तू मेहनत केलीस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आईनं त्या रात्री मला आवडते म्हणून भरली वांगी केली. ती मला गिळवली नाहीत.

भिंतीवरचा फोटो कुणी काढला नाही. पाहुणे यायचे आणि किती देखण्या म्हणायचे. बाबा होकार द्यायचे. आत्या असेतोवर ते रोज जेवणानंतर तिला काही ना काही विचारत. आई कशी चालायची, ओरडायची का, गाणं म्हणायची का. आत्या सांगायची. कधी तिला आठवायचं नाही, मग बाबा दुसरं काही विचारत. मी कोपऱ्यात असायचो. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही.

पुढच्या वर्षीची नवमी आली. पितृपक्षात बाबा दाढी करत नसत. आमच्याकडे पद्धतच तशी. नवमीपर्यंत त्यांचे खुंट चांगले वाढलेले असायचे, पांढरे, राठ. पाटावर फोटो मांडला, काकू येऊन बसल्या. बाबांनी फोटोला हार घातला. मागच्या वर्षी ते फोटोकडे टक लावून पाहत होते, पापणी हलू न देता. या वेळी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि तसेच बसले. उजवा तळहात गालावर. तो हळूहळू वर जायचा, खाली यायचा, खुंटांवरून.

माझ्या मोठ्या मोत्याची आजी समोर बसून त्यांच्याकडे बघत होती.

"अहो, गाल काय चोळत बसलात?" आई आतून म्हणाली. "काकू खोळंबल्यात. पान वाढलंय."

"आलो," बाबा म्हणाले, पण डोळे उघडले नाहीत. मी काकूंना म्हणालो, "दो मिनट, काकू, बस अभी आते हैं," आणि आईच्या हातातली वाटी घेऊन दारातच उभा राहिलो, म्हणजे ती पुन्हा हाक मारणार नाही.